परब अण्णा आणि रद्द न झालेले कायदे

संक्रांतीच्या दिवशी आमच्या मुलुंडच्या कॉलनीतली पोरं गच्चीवर पतंग उडवायची आणि परब अण्णा खाली उभे राहून ओरडायचे, "विमानं खाली घ्या!"

नवीन माणूस आधी आभाळाकडे बघायचा, मग अण्णांकडे. अण्णा त्याला शांतपणे समजावायचे, की चौतीस सालच्या विमान कायद्यात पतंगसुद्धा विमानातच धरलेला आहे. "अण्णा, इंग्रजांच्या जमान्यातलं आहे हो ते," असं कोणी म्हटलं की ठरलेलं उत्तर यायचं, "रद्द झालाय का? दाखवा. नाही ना? मग!"

त्या "मग!"नंतर बोलायला काही उरायचंच नाही.

अण्णा सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक होते. उभा जन्म कायद्यांची प्रुफं तपासण्यात गेला. इतर लोक प्रुफं वाचतात आणि विसरतात, ह्यांनी प्रत्येक कायदा मनावर घेतला. दिवस मावळल्यावर सायकलचा दिवा लागला नाही, तर हे गृहस्थ असतील तिथे खाली उतरणार आणि सायकल हातात धरून घरापर्यंत चालत येणार. एकदा गावाहून येताना फणस आणला, तर जकात नाक्यावर एसटीतून उतरून तो कारकुनापुढे नेऊन ठेवला. कारकून हात जोडून म्हणाला, "काका, जा हो घरी." अण्णांनी त्याच्याकडून "तपासले, जकात लागू नाही" असं लिहून घेतलं, तेव्हाच हलले. फणस आम्हालाही मिळाला, पण आधी तो कागद ऐकावा लागला.

तांब्याची गोष्ट तर कॉलनीत अजून सांगतात. नळाच्या पाइपासाठी चर खणताना एक पितळी तांब्या निघाला. गवंडी तो उचलणार, इतक्यात अण्णा धावले. "हात लावू नका! गुप्तधन आहे!" जमिनीत दडलेली, दहा रुपयांच्या वरची वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवायचं, असा एक शंभर वर्षांपूर्वीचा कायदा आहे म्हणे. अण्णांनी तांब्याभोवती विटा रचल्या, अर्ज लिहिला आणि तो रजिस्टर करायला माझ्याकडे आले. मी आमच्याच पोस्टात खिडकीवर बसायचो, त्यामुळे त्यांच्या कायदेपालनाचा निम्मा भार माझ्या डोक्यावर असायचा. चार दिवस काम बंद, नळ बंद. पाचव्या दिवशी तळमजल्यावरच्या शिंदेबाई तरातरा आल्या आणि तांब्या उचलून म्हणाल्या, "हा आमचा संडासातला तांब्या! गेल्या वर्षी खणलं होतं तेव्हा गडप झाला होता." कॉलनी पोट धरून हसली. अण्णा हसले नाहीत. त्यांनी कलेक्टरला दुसरा अर्ज केला, मालक सापडल्याचा. तोही रजिस्टर.

खरं सांगतो, मला हा माणूस वैताग आणायचा.

एक काम मात्र ते मुकाट्याने करायचे. जानेवारीत पोस्ट उघडलं की रांगेत पहिले अण्णा, हातात रेडिओच्या परवान्याचं पुस्तक. त्या काळी रेडिओ ठेवायला परवाना लागायचा. दरवर्षी पोस्टात शुल्क भरायचं, पुस्तकात तिकीट चिकटवायचं आणि वर शिक्का मारून घ्यायचा. कित्येक लोक हे कधीच विसरले होते. अण्णांच्या पुस्तकात पानोपानी नाव धाकट्या भावाचं होतं, दत्ताराम परब. हा दत्ताराम मी कधी पाहिला नव्हता. असेल गावी, असं मी धरून चाललो होतो. रेडिओ पाहिला होता, मोठा लाकडी, कपाटावर क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेला. तो कधी लागायचा नाही. विचारलं तर अण्णा म्हणायचे, "माझा नाही तो. मालक हजर नसताना वस्तू वापरता येत नाही."

खिडकीवर त्यांचं बोलणं एवढंच, "ठळक मार रे. नावावर येऊ देऊ नको."

मग एका वर्षी सरकारने हा परवानाच काढून टाकला. जानेवारीत अण्णा नेहमीप्रमाणे हजर.

"अण्णा, रद्द झाला."

"दाखव."

मी परिपत्रक पुढे केलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला अण्णांना काहीतरी दाखवता येत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला मजा वाटली. त्यांनी ओळीखाली बोट धरून ते दोनदा वाचलं.

"ह्या वर्षापुरता तरी मार."

"आता कायदाच नाही ना? मग!" मी म्हणालो.

मागचे दोघे हसले. अण्णा रांगेतून बाजूला झाले आणि पुस्तक खिडकीवरच विसरून गेले.

संध्याकाळी मी ते द्यायला गेलो. अण्णा बाहेर गेले होते. काकू तांदूळ निवडत होत्या. परवाना रद्द झाल्याचं सांगितलं, तसं त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"दत्ता गिरणीत होता," त्या म्हणाल्या. "पहिल्या बोनसमधून हौसेने रेडिओ आणला. ह्यांनी लावू दिला नाही. आधी परवाना काढ म्हणाले. शब्दाला शब्द वाढला आणि तो गेला निघून. दुसऱ्या दिवशी ह्यांनीच त्याच्या नावाने परवाना काढला. म्हणाले, आल्यावर लावील. तेरा वर्षं झाली."

काकूंनी सूप पुन्हा पुढे ओढलं.

"रेशनकार्डावरून नाव गेलं, मतदार यादीतून गेलं. एक वकील म्हणाला, सात वर्षं ज्याची खबर नाही तो मेला असं कोर्ट धरतं, खोलीच्या कागदांवरचंही नाव काढून टाका. हे म्हणाले, असा कायदा माझ्या वाचनात नाही. अरे, त्याचं प्रूफ ह्यांनीच तपासलेलं. ह्यांका कोण सांगतलो?"

पुस्तक मी तसंच पिशवीत घालून परत आणलं. सकाळच्या माझ्या बोलण्याची मला लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यावर पहिलं काम ते केलं. पुढच्या पानावर, तिकिटाशिवाय, तारखेचा शिक्का मारला. शिक्क्याचा गैरवापर केला तर नोकरी कशी जाते, हे मला अण्णांनीच कलमासकट सांगितलेलं होतं.

अकराच्या सुमाराला ते पुस्तक मागायला आले. पान उघडलं आणि बघतच राहिले.

"ह्या बेकायदा आसा," हळूच म्हणाले.

"शिक्का मारू नये असं परिपत्रकात कुठे लिहिलंय? दाखवा."

अण्णांनी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं, पानावरच्या नावावरून अंगठा फिरवला.

"परवाना नसलो तरी चलता, असा सरकारच म्हणता आता," ते म्हणाले. "मग आम्ही भांडलो कित्याक रे?"

माझ्याकडे त्याचं परिपत्रक नव्हतं. अण्णांनी पुस्तक सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं आणि गेले.

पुढे माझी बदली घाटकोपरला झाली. तिथल्या पहिल्या जानेवारीत मी खिडकी उघडली, तर रांगेत सगळ्यात पुढे अण्णा. पुस्तकाची पानं संपली होती, म्हणून घरी कोरे कागद शिवून जोडले होते, प्रत्येकावर दत्तारामचं नाव लिहून.

"ठळक मार," ते म्हणाले. "नावावर नको."