जोतीराम मास्तरांचा सत्कार

कोल्हापुरात कुणाचाही सत्कार असला की जोतीराम मास्तरांचा बँड ठरलेला. पैलवान कुस्ती मारून आला, पोरगं दहावी पास झालं, नगरसेवक निवडून आला किंवा नुसता आजारातून उठला, तरी त्याला शाल, श्रीफळ आणि फेटा मिळायचा आणि मास्तरांनी बाजूला उभं राहून क्लॅरोनेट वाजवायचं. मास्तरांच्या स्वतःच्या खांद्यावर मात्र आजवर एकही शाल पडली नव्हती. हे दुःख ते कुणाला बोलून दाखवत नसत. बायकोला, म्हणजे शालूबाईंना, तेवढं रोज दाखवत.

त्र्याण्णव साली लातूरकडं भूकंप झाला. त्यानंतर एकदा मास्तरांनी टीव्हीवर पाहिलं, मोठमोठे गायक एका रांगेत उभे राहून भूकंपग्रस्तांसाठी एकच गाणं म्हणत होते. प्रत्येकाला एकेक ओळ.

"शालू, हे आपणबी करू शकतोय की," मास्तर म्हणाले.

"त्यास्नी गाता येतंय," शालूबाई म्हणाल्या.

पण मास्तरांनी मनावर घेतलं होतं. त्यांनी स्वतः गाणं रचलं, 'दादा, एक घोंगडं द्या, थंडीचं दिवस आलं'. बँडमधल्या प्रत्येकाला एकेक ओळ वाटून दिली. ढोलवाला गुंडू फारच बेसूर होता, म्हणून त्याला 'थंडी' एवढा एकच शब्द दिला. त्यांच्या ओळखीचा ट्रकमालक सयाजी रविवारी भूकंपाच्या गावांकडं मदत घेऊन फुकट जाणार होता. मास्तर त्याला सांगून आले, "अर्धा ट्रक आमच्यासाठी मोकळा ठेव. घोंगड्यांनी भरून देतो."

शनिवारी सकाळी बँड पहिल्या पेठेत तालमीसमोर उभा राहिला. गाणं झालं. गुंडूनं 'थंडी' असं काही म्हटलं, की दोन बायकांनी पदर अंगाभोवती ओढून घेतला. तालमीचे अध्यक्ष बाळासो डोळे पुसत पुढं आले.

"मास्तर, आजवर तुमी आमच्यासाठी वाजवलं. आज गोरगरिबांसाठी वाजवताय. असा कलावंत दारात आला आन् मोकळ्या हातानं गेला, तर पेठंची अब्रू काय ऱ्हायली?"

मास्तरांना वाटलं, आता घोंगडी येणार. आली ती शाल. मरून रंगाची, सोनेरी काठाची. बाळासोंनी ती मास्तरांच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला आणि सवयीनं पोरांनी गुलालही उधळला. त्याचा भलामोठा डाग शालीच्या कोपऱ्यावर पडला. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली, ते असं भर चौकात झालं होतं. त्या आनंदात घोंगडी मागायची राहूनच गेली.

दुसऱ्या पेठेत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. "त्यांनी नुसती शाल दिली व्हय?" तिथले लोक म्हणाले, आणि त्यांनी अंगावरच्या शालीला जोड म्हणून मास्तरांच्या डोक्यावर फेटा बांधला. तिसऱ्या पेठेनं बँडमधल्या प्रत्येकालाच शाल, फेटा आणि नारळ दिला. आपण इतके मोठे कधी झालो, ते गुंडूला कळेना.

आता मास्तरांना भान आलं. चौथ्या पेठेत त्यांनी गाण्याआधीच हात जोडले. "मंडळी, सत्कार नको. घोंगडी द्या."

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "बघा, केवढा मोठा माणूस, पण सत्कारसुद्धा घेत न्हाई." झालं. सत्कार नाकारल्याबद्दल मास्तरांचा जंगी सत्कार झाला. एक आज्जी खरोखरच घोंगडं घेऊन आल्या होत्या, पण "असलं जुनेरं कुठं कलावंताला देतात व्हय," म्हणून लोकांनीच त्यांना परत पाठवलं. मास्तर त्या घोंगड्याकडं वळूनवळून बघत होते.

संध्याकाळी घरी हातगाडी आली, ती शाली, फेटे आणि नारळांनी भरलेली. घोंगडं नावाला नव्हतं. गल्लीत चहाच्या गाड्यावर सयाजी उभा होता. चार माणसांत तो मोठ्यानं म्हणाला, "मास्तर, मी अर्धा ट्रक मोकळा ठेवलाय न्हवं? का भूकंपाच्या नावावर सत्कारच गोळा करायचा हुता?"

माणसं हसली. "ते टीव्हीवरचं गायकबी असंच की," एकजण म्हणाला. "लोकांचं दुःख, आन् ह्यांची जाहिरात." मास्तर बोलणार काय, अंगावर तीन शाली होत्या.

घरात येऊन ते भिंतीला टेकून बसले. "शालू, माझं नाव गेलं. उद्या सयाजी अर्धा ट्रक रिकामाच घेऊन जाणार, आन् गाव म्हणणार, बँडवाल्यानं भूकंपात हात धुऊन घेतलं."

शालूबाईंनी एक शाल उचलून अंगाभोवती गुंडाळली. "ऊब लागतीया की हो. मग अडलंय कुठं?"

"अगं, ह्या सत्काराच्या शाली हायत."

"थंडीला काय कळतंय, सत्काराची हाय का इकतची?"

मास्तर ताठ बसले. गुंडू जाऊन बँडवाल्यांनी आपापल्या घरी नेलेल्या शाली आणि फेटेही घेऊन आला. फेट्याचं कापड लांबलचक, पांघरायला होईल, बाळाच्या झोळीलाही होईल. शालूबाईंनी गल्लीतल्या बायका जमवून नारळ फोडले आणि गूळ घालून पातेलीभर वड्या थापल्या. पहाटे सगळं ट्रकवर चढलं. सयाजी गुमान गाठी आवळत होता. मास्तर मात्र क्लॅरोनेटच्या पेटीशी घुटमळत होते. शालूबाईंनी पेटी उघडली. आत मरून शाल घडी घालून ठेवली होती, गुलालाच्या डागासकट.

"एवढी एक राहू दे," मास्तर लहान तोंड करून म्हणाले. "पहिली हाय."

शालूबाईंनाही वाईट वाटलं. "राहू द्या तर," त्या म्हणाल्या. पण ट्रक सुरू झाला, तशी मास्तरांनीच ती शाल सयाजीच्या मांडीवर टाकली आणि स्वतः शेजारी चढून बसले. गुंडू ढोल घेऊन मागं वड्यांवर राखणीला बसला. त्यांची राखण करता करता त्यानं त्या थोड्या कमीही केल्या.

तिकडच्या गावात घरं राहिलीच नव्हती. पत्र्यांच्या आडोशाला माणसं बसलेली होती. शाली वाटताना मास्तरांना गाणं म्हणवलं नाही. मरून शाल एका म्हातारीच्या वाट्याला आली. तिनं सोनेरी काठावरून हात फिरवला आणि ती छातीशी धरली.

निघायच्या वेळी तीच म्हातारी आडवी आली. "थांबा ओ पाव्हणं. आमच्या गावातून कुणी मोकळं गेलं नाही आजवर." तिनं ती मरून शाल मास्तरांच्या खांद्यावर घातली. नारळ कुठला मिळायला, म्हणून हातावर शालूबाईंचीच एक वडी ठेवली.

"आज्जी, ही शाल तुमास्नी दिलीया," मास्तर कासावीस होऊन म्हणाले.

"दिली ना? मग आता माझी आहे. माझ्या शालीनं मी कुणाचा बी सत्कार करीन. आन् माझी काळजी नको, लेकाला मिळालीय की दुसरी, त्यात झोपू दोघं."

सगळ्यात आधी टाळी वाजवली ती सयाजीनं. गुंडूनं सवयीनं ढोलाची काठी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा बँडाशिवाय सत्कार झाला, आणि तो मास्तरांचा होता. ते तिथंच उभे राहून लहान पोरासारखे रडले.

ट्रक कोल्हापुरात परतला, तेव्हा चौकात मांडव घातला होता. सगळ्या पेठा एकत्र जमल्या होत्या. वर फलक होता, 'भूकंपग्रस्तांना मदत पोहोचवल्याबद्दल जोतीराम मास्तरांचा भव्य सत्कार'. बाळासो नवी कोरी शाल उलगडत पुढं आले. "मास्तर, ती अंगावरची डागाची शाल जरा काढा की."

"ही न्हाई निघायची, बाळासो," मास्तर म्हणाले. त्यांनी नवी शाल हातात घेतली, दोन बोटांत धरून तिचा पोत पाहिला आणि मागं वळून हाक मारली. "सयाजी, ट्रक बंद करू नको."

मग ते जमलेल्या पेठांकडं वळले.

"मंडळी, आज कुणालाच न्हाई म्हणणार न्हाई. हवं तेवढं सत्कार करा. फकस्त शाली जरा जाड बघून आणा."