रॉकीराव, या, बसा

म्हसकरकाकांनी कोणाला 'अरे' म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. आता माणसांना अहो-जाहो करणारे पुष्कळ असतात. रिक्षावाल्याला, दूधवाल्याला, शाळेत जाणाऱ्या पोरालासुद्धा 'आपण' म्हणणारे मी पाहिलेत. पण हातावर बसलेल्या डासाला "आता उठा इथून" असं सांगून, दोन क्षण वाट पाहून मग मारणारा माणूस कात्रपमध्ये एकच, आणि तो आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतो.

एकदा सकाळी त्यांच्या दारावरून जाताना आतून आवाज आला. "अहो, ती चप्पल आपली नाही. सोडा. बरं दिसत नाही." मला वाटलं, पाहुणे आलेत आणि निघताना काहीतरी घोटाळा झालाय. मी शेजारधर्म म्हणून डोकावलो. आत काका पंचा गुंडाळून उभे होते आणि समोर त्यांचा कुत्रा तोंडात कोल्हापुरी धरून उभा होता.

"आमचे रॉकीराव," काका म्हणाले. "स्वभावाने फार चांगले आहेत. जरा उतावळे."

रॉकीराव म्हणजे तपकिरी रंगाचा गावठी कुत्रा. एक कान उभा, एक पडलेला, त्यामुळे तो नेहमी अर्धंच ऐकतोय असं वाटतं. बारवी धरणाकडच्या पाड्यावरून कोणीतरी पिल्लू आणून दिलं होतं. रॉकी हे नाव आणणाऱ्याचं, राव काकांनी लावलं. माणसांवर भुंकत नाही, अन्नावर झडप घालत नाही, फटाक्यांना घाबरत नाही. फक्त मांजर दिसलं की अंगात येतं. मग साखळी, काका आणि काकांचा चष्मा ही तिन्ही वेगवेगळ्या दिशांना दिसतात.

एवढ्याने कोणाचं काही बिघडलं नसतं. कुत्रे मांजरांमागे धावतातच. पण काकांचं एक अडलं होतं. दर रविवारी ते खरवईला थोरल्या बहिणीकडे जायचे. आक्का तिचं नाव, म्हणजे सगळे तिला आक्काच म्हणतात. आक्काच्या मांडीवर दिवसभर एक पांढरं मांजर बसलेलं असतं. रॉकीरावांनी पहिल्याच भेटीत त्या मांडीवर झेप घेतली. मांजर कौलावर गेलं, आक्का खुर्चीसकट कलंडली आणि घाबरून संध्याकाळपर्यंत रडत राहिली. भाचेसुनेने हात जोडले. "मामा, तुम्ही कधीही या. पण हा शांत राहायला शिकेपर्यंत याला आणू नका."

तेव्हापासून काकांचं खरवईला जाणं थांबलं. मी म्हटलं, "काका, रविवारी कुत्रा आमच्याकडे ठेवा की."

"आभारी आहे, देवरेसाहेब," काका म्हणाले. "पण तिकडून परत येताना एकट्याने यायला बरं वाटत नाही." आणि मग लगेच, "ते शिकतील. गिऱ्हाईकच आहेत शेवटी."

हे गिऱ्हाईक प्रकरण समजावून सांगायला हवं. काकांनी उमेदीची सगळी वर्षं उल्हासनगरला एका सिंधी शेठच्या कापडाच्या दुकानात घालवली. पांढऱ्या गादीवर बसायचं, साड्यांच्या घड्या मोडायच्या, परत घालायच्या. पण शेठने त्यांना मुख्य काम दिलं होतं ते चिडलेल्या गिऱ्हाइकाचं. रंग गेला, जरीचा काठ काळा पडला, साडी आखूड निघाली असं ओरडत जो आत येईल तो म्हसकरांच्या वाट्याला. शेठचं शिक्षण एका वाक्याचं होतं आणि काका ते शेठच्याच आवाजात म्हणून दाखवतात. "साईं, कस्टमर खड़ा है तो थानेदार है. बैठ गया तो मेहमान है."

म्हणून काका दुकानाच्या पायरीवरच म्हणायचे, "या, बसा." गिऱ्हाईक बसायचं. पाणी यायचं. निम्मा राग पाण्याबरोबर उतरायचा. उरलेल्या रागात ते आणखी एक साडी घेऊन जायचं.

हीच विद्या काकांनी रॉकीरावांना लावायची ठरवली.

"आपण चूक कुठे करतो सांगू?" ते मला म्हणाले. "आपण मांजर एकदम समोर आणतो. भारीतली पैठणी एकदम गिऱ्हाइकाच्या मांडीत टाकली तर ते बिथरणारच. आधी फडताळातली लांबून दाखवायची. नजर स्थिरावू द्यायची. मग एक हात जवळ."

फडताळातली साडी म्हणजे चकली. ही पहिल्या मजल्यावरच्या मोहितेवहिनींची मांजर. झोपली की स्वतःभोवती इतकी घट्ट गुंडाळते की नावाला दुसरा पर्याय नव्हता. चकली सकाळी कंपाउंडच्या भिंतीवर ऊन खात बसायची. काका रॉकीरावांना घेऊन पार पाण्याच्या टाकीजवळ उभे राहायचे, म्हणजे मधे सगळं पार्किंग. रॉकीरावांचा उभा कान ताठ झाला की, भुंकण्याच्या आत, काका हळूच म्हणायचे, "या, बसा." बसले की खिशातून खाऊ. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काही दिवसांनी अर्ध्या गाडीची लांबी पुढे. मग आणखी अर्धी.

प्रगती होती, पण सरळ नव्हती. एके दिवशी वहिनींनी खाली चादरीवर पापड वाळत घातले होते आणि चकलीने भिंतीवरून नेमकी त्याच बाजूला उडी मारली. पुढचं सगळं पापडांच्या आवाजावरून मला तिसऱ्या मजल्यावर कळलं. मी खाली पोचलो तेव्हा काका पापडांच्या मधोमध बसलेले होते.

"वहिनी," ते बसल्या जागेवरून म्हणाले, "रॉकीराव फार दिलगीर आहेत."

"मग त्यांनाच म्हणू द्या की," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही का मध्ये बोलताय?"

दुसरी अडचण खाऊची. काका खाऊ म्हणून शर्टाच्या खिशात सुके बोंबील ठेवायचे. कुत्र्याला आवडले, हे खरं. पण कात्रपमधल्या मांजरांनाही बातमी लागली. काका फिरायला निघाले की पुढे रॉकीराव, मधे काका आणि मागे अंतर राखून मांजरांची मिरवणूक, असं दृश्य दिसू लागलं. रॉकीरावांना कोणत्या बाजूला पिसाळायचं तेच समजेना. काका मात्र खूष. "गिऱ्हाईक वाढलं," ते म्हणाले. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांनी मिठाचं कारण सांगून बोंबील बंद केले आणि उकडलेलं चिकन सुरू झालं. मिरवणूक जराशी लहान झाली, एवढंच.

आणि तरी, खोटं कशाला सांगू, पद्धत लागू पडत होती. चकली चार हातांवर बसली तरी रॉकीराव बसून राहू लागले. अंग थरथरायचं, घशात काहीतरी कुरकुरायचं, नजर चकलीवरून काकांकडे, काकांवरून खिशाकडे फिरायची. पण बूड जमिनीला टेकलेलं.

फक्त एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. 'या, बसा' हे काही कुत्र्याला शिकवायचे शब्द नव्हेत. ते मराठी माणूस दिवसातून कितीतरी वेळा दारात म्हणतो.

पहिल्यांदा आमच्याकडे झालं. विमा एजंट आला, मी म्हटलं, "या, बसा," आणि जिन्यावरून निघालेले रॉकीराव वळून आत आले, एजंटच्या शेजारी बसले आणि माझ्या खिशाकडे पाहू लागले. मग दुसऱ्या मजल्यावर सत्यनारायणाला. हळूहळू बिल्डिंगमधल्या लोकांनी पाहुण्यांना "आत या" किंवा "टेका" असं म्हणायला सुरुवात केली. बायको म्हणाली, "एका कुत्र्यापायी आपण पाहुणचार विसरलो."

मोहितेंच्या घरी मात्र एके दिवशी हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही, कारण त्यांच्या प्राचीला बघायला अंबरनाथ पूर्वेहून माणसं आली होती. मुलगा, आई, वडील, मामा. मोहिते दारात उभे राहून तोंडभर हसत म्हणाले, "या, या, बसा."

त्याच वेळी काका रॉकीरावांना गच्चीवरून खाली आणत होते. हातातली साखळी सैल होती. पाहुणे चपला काढेपर्यंत रॉकीराव आत जाऊन बैठकीच्या मधोमध बसले होते.

मी वरून गडबड ऐकून गेलो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. मुलाची आई सोफ्याच्या टोकाला अंग चोरून बसलेली. मुलाचे दोन्ही पाय सोफ्यावर. मोहितेंचा चेहरा पांढरा. काका दारात, "क्षमा असावी, क्षमा असावी," म्हणत. आणि नेमकी त्या घटकेला चकली शेपटी उभी करून स्वयंपाकघरातून बाहेर आली. बैठकीत कुत्रा आहे हे तिने पाहिलं आणि घर आपलं आहे हे तिला माहीत होतं. ती थेट रॉकीरावांच्या नाकासमोरून गेली.

काकांचा चेहरा मी त्या वेळी पाहिला. इतक्या लोकांची लाज त्यावर नव्हती. परीक्षेचा निकाल वाचायला गेलेल्या मुलाचा असतो तसा तो चेहरा होता. रॉकीराव नाकाच्या शेंड्यापासून शेपटीपर्यंत थरथरले. उभा कान चकलीकडे, पडलेला काकांकडे. चकली पुढे गेली, मुलाच्या खाली आलेल्या एका पायाला तिने अंग घासलं, मुलाने तिला पायाने बाजूला सरकवलं. रॉकीराव बसलेलेच.

मामा म्हणाले, "आमच्या घरात पोरंसुद्धा इतकं ऐकत नाहीत."

प्राची पोहे घेऊन आली ते एवढं सगळं पाहून. लग्न जमलं का म्हणाल, तर नाही. "मांजराला पायाने सारणारा नको मला," तिने रात्री आईला सांगितलं. "एवढं तर म्हसकरकाकांच्या कुत्र्यालाही कळतं." मोहिते काही दिवस काकांशी बोलले नाहीत. वहिनींनी मात्र दुसऱ्या दिवशी रॉकीरावांना ऑम्लेट पाठवलं.

काकांनी त्याच संध्याकाळी खरवईला फोन लावला. भाचेसून म्हणाली, "बरं मामा, आणा या रविवारी. पण साखळी हातात ठेवा."

मी पण निघालो. कारण चांगलं नव्हतं, ते सांगून टाकतो. रविवारी सकाळी बूट घालताना काका सहज बोलून गेले होते, "मला अरे म्हणणारी आता एकच, आक्का. शिऱ्या म्हणते मला. श्रीधरचं शिऱ्या. आई गेल्यावर तिनेच वाढवलं ना. काहीही करून आलो, मारामारी का असेना, म्हणायची, 'शाना रं माझा शिऱ्या.'" डासालाही आदराने मारणाऱ्या या माणसाला कोणीतरी तोंडावर शिऱ्या म्हणतं, हे मला काही झालं तरी ऐकायचं होतं.

खरवई आता निम्मी इमारतींची झाली आहे. आक्काचं घर मात्र कौलारू, पुढे ओटा. ओट्यावर खुर्ची, खुर्चीत आक्का, मांडीवर पांढरं मांजर. आम्ही अंगणात शिरलो तशी तिने मान वर केली. काका थांबले. केस नीट केले.

आक्का हसली. फार गोड, घरंदाज हसणं होतं ते.

"या, बसा," ती म्हणाली. "कुठून आलाव?"

रॉकीराव बसले.

काकाही बसले, पायरीवर, रॉकीरावांच्या शेजारी. "कात्रपहून आलो," ते म्हणाले.

"लांबून आलाव मग. पाणी घ्या. अगं, पाव्हण्यांना पाणी आण."

भाचेसून पाणी घेऊन आली. माझ्याकडे पाहून हळूच म्हणाली, "वर्ष होत आलं. आम्हालाही कधी ओळखतात, कधी नाही. मामांना तर एकदाही नाही." काकांनी ऐकलं नसावं, किंवा ऐकलं असावं.

"तब्येत बरी आहे ना आपली?" काकांनी आक्काला विचारलं. तिनेही आदराने उत्तर दिलं. भाताचं बोलणं झालं, उन्हाचं झालं. तिने विचारलं, घरी कोण कोण असतं. काका म्हणाले, "हे रॉकीराव, आणि मी." मधेच मांजर मांडीवरून उतरलं, पायरीवर आलं, रॉकीरावांना हुंगून परत गेलं. रॉकीराव थरथरले, काकांच्या गुडघ्याला टेकले आणि बसून राहिले. आक्का टाळ्या वाजवून हसली. "गुणाचा हाय हो तुमचा कुत्रा. पुन्हा आणा."

"आणतो," काका म्हणाले. "आता दर रविवारी."

ऊन कलल्यावर आम्ही निघालो. मी फाटकाची कडी लावायला मागे राहिलो. काका रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले, खिशातून उरलेला चिकनचा तुकडा काढला, रॉकीरावांच्या डोक्यावर हात ठेवला. कडी गंजलेली होती, मला वेळ लागत होता, आणि मी ऐकतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"शाना रं," ते म्हणाले. "शाना रं माझा शिऱ्या."

रॉकीरावांनी तुकडा खाल्ला आणि मान वळवून मागे पाहिलं. त्यांना वाटलं असावं, शिऱ्या म्हणून आणखी कोणीतरी येतंय.