एका निवडक पारगम्य घराचा कारभार

जगातल्या प्रत्येक सजीवाचा जीव शेवटी एका पडद्याच्या भरवशावर असतो. पेशीभोवतीचं हे पटल साध्या डोळ्यांना दिसतही नाही, पण आत कोणी यायचं आणि बाहेर काय टाकायचं हे तेच ठरवतं. कॉलेजात जीवशास्त्राच्या मॅडमनी बजावलं होतं, "पोरींनो, पटल म्हणजे भिंत असं लिहू नका, अर्धा मार्क जाईल. त्याचं काम अडवण्याचं नाही, निवडण्याचं आहे." आपल्या गोष्टीतल्या पोरीने परीक्षेत भिंतच लिहिलं. अर्ध्या मार्काने कोणाचं काय बिघडतं, असं म्हणून तिने तो विषय सोडला, पदवी घेतली, लग्न केलं आणि यथावकाश एका मुलीची आई झाली.

बाळ घेऊन घरी आली त्या दिवशी उंबरठ्यावरच तिला साक्षात्कार झाला. बाहेर जाळीचं दार, आत लाकडी दार. दोन थर. पेशीपटलालाही दोनच थर असतात. याला योगायोग म्हणणारे लोक निष्काळजी असतात.

आठवड्याभरात घराची शास्त्रीय पुनर्रचना झाली. नियम सव्वीस (उपनियम वेगळे), खाली तिची सही आणि एक प्रत फ्रिजवर. नेमणुका अशा:

नवरा: वाहक प्रथिन. हे प्रथिन पटलाच्या दोन थरांमध्ये बसतं, बाहेरून माल घेतं, आपला आकार बदलतं आणि माल आत सोडतं. नवऱ्याने आकार बदलायचा म्हणजे ऑफिसचे कपडे दोन दारांच्या मध्ये उतरवून घरचे चढवायचे. (समोरच्या बिऱ्हाडाने आपल्या दाराला पडदा लावला तो याच सुमारास. पटलाचं महत्त्व असं हळूहळू पटत जातं.)

सासूबाई: तंतुकणिका, म्हणजे पेशीचं ऊर्जाकेंद्र. नेमणूक ऐकून त्या म्हणाल्या, "या घरात कणिक मीच मळते, तेव्हा कणिका मीच होणार. तंतूचं तुमचं तुम्ही बघा."

सासरे: कोर्टातून निवृत्त झालेले शिरस्तेदार. पेशी म्हटल्यावर त्यांना आधी कोर्टाची तारीख वाटली, पण काम आवडीचं निघालं. दाराशी खुर्ची, रजिस्टर आणि शाईचं पेन.

ती स्वतः: केंद्रक. सगळ्या सूचना तिथूनच निघणार. (केंद्रक झोपतं कधी, यावर पाठ्यपुस्तक गप्प आहे. तीही गप्प राहिली.)

कारभार इतका चोख की आकडेच बोलतात. नऊ महिन्यांत दारावर आलेले: दोनशे चौदा. आत घेतलेले: नऊ. (त्यातला एक गॅसचा सिलिंडर होता.) परत पाठवण्याची कारणं: सर्दी, सर्दीचा संशय, सर्दी झालेल्या माणसाशी फोनवर बोलणं, आणि एका आत्याबाईंच्या बाबतीत "पापा घेण्याची प्रवृत्ती". बाळ गुटगुटीत होतं. नऊ महिन्यांत साधी शिंक नाही. टीका करणाऱ्यांची तोंडं बंद झाली, आणि ती तशीही दाराबाहेरच होती.

तिची आई दोन बस बदलून नातीला बघायला आली, तीन जिने चढली आणि जाळीपाशी येऊन तिला ठसका लागला.

"नियम सात," सासरे म्हणाले.

"अगं, हा जिन्याचा ठसका आहे," आई म्हणाली.

"जिन्याचा की छातीचा, हे ठसक्यावर लिहिलेलं नसतं ना गं आई."

आईने जाळीतून बोट आत सरकवलं. बाळाने ते घट्ट धरलं. सासऱ्यांनी बोटाची नोंद केली, बोट पुसलं आणि परत केलं. "आणि तू कशी—" असं काहीसं आई विचारत होती, तेवढ्यात आतला थर लागला.

मग एका मंगळवारी सकाळी केंद्रकालाच ताप आला. शंभर पॉइंट चार.

लपवणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने थर्मामीटर सासऱ्यांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला, फ्रिजवरची प्रत काढली आणि वाचली: "नियम अकरा. ताप असलेली कोणीही व्यक्ती बाळाच्या आसपास राहणार नाही. सात दिवस वेगळी ठेवण्यात येईल."

"बाबा, नियम मीच केलाय."

"म्हणूनच पक्का झालाय."

"पण कोणीही म्हणजे बाहेरचं कोणीही."

"बाहेरचं हा शब्द इथे नाही, सूनबाई. कोणीही म्हणजे कोणीही. चाळीस वर्षं मी हेच केलंय."

नवऱ्याने चाचरत विचारलं, "पण केंद्रकाशिवाय पेशी चालेल कशी?"

सासूबाईंनी परातीतून मान वर केली. "तांबड्या पेशीत केंद्रक नसतंच म्हणे. एकशेवीस दिवस मजेत फिरते ती. तूच सांगितलंस की गं मला."

आपण शिकवलेलं इतकं नीट कोणी लक्षात ठेवलं, याचं तिला कौतुक वाटलं. ते कौतुक आणि एक उशी घेऊन ती अडगळीच्या खोलीत गेली. पेशीत या जागेला रिक्तिका म्हणतात. नको असलेलं आणि पुढे कधी लागेल असं सगळं तिथे ठेवतात. सासऱ्यांनी नोंद केली: जुना पंखा एक, रिकामी खोकी अकरा, सून एक.

घर उत्तम चाललं. बाळ वेळेवर जेवलं, आजीच्या कुशीत झोपलं, आजोबांचं पेन चघळून निळं झालं. नवरा ताट दाराशी ठेवायचा.

"बाळ कसं आहे?" ती आतून विचारायची.

"मस्त! तू काळजीच करू नकोस."

ताट सरकायचं, पावलं जायची.

ती रोज आपला ताप चिठ्ठीवर लिहून दाराखालून सरकवायची. एकशे एक. एकशे दोन. एकशे तीन. सासरे चिठ्ठी उचलायचे, तारीख टाकून फायलीला लावायचे. फाईल इतकी सुबक झाली की त्यांनी ती दोघांतिघांना दाखवली. पाचव्या दिवशी चिठ्ठी आली नाही. त्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: निरंक.

त्या आठवड्यात घरात एक्केचाळीस फोन आले. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बाळाची चौकशी करणारे होते.

पाचव्या दिवशी झालं होतं इतकंच, की ताप उतरला होता आणि ती खोक्यांमध्ये अंग टाकून झोपली होती. सलग सोळा तास, नऊ महिन्यांत पहिल्यांदा. सकाळचं ताट दुपारी तसंच होतं. नवऱ्याला वाटलं भूक नसेल. झोप आहे की शुद्ध हरपली आहे, हे बघायला दार कोणी लोटलं नाही. जो तो बाळाजवळ होता, आणि बाळाला दात येत होता.

आता तुमच्याबद्दल. हे वाचताना बाळाला काही झालं तर नाही ना, म्हणून तुम्ही दोनदा तरी भराभर खालच्या ओळी चाळल्यात. बाळ ठणठणीत आहे. एकशे तीन ताप कोणाला होता, ते मात्र तुम्हीही फायलीला लावून पुढे आलात.

म्हणून तिची एक विनंती आहे. तुमच्या ओळखीत, तुमच्याच जिन्यात म्हणा ना, एक घर असेल जिथे यंदा बाळ झालंय. जा आणि बेल वाजवा. बाळ दाखवायला आणतील, तेव्हा गोड आहे म्हणा. मग बाळाची आई कुठाय, असं विचारा. झोपलीय म्हणाले, तर आत जाऊन बघून या.