आनंदाची एकेचाळीस कार्डं

विल्फ्रिड ग्रिमशॉच्या अंत्यविधीला तीनच माणसं हजर होती, आणि त्यांतला एक स्वतः विल्फ्रिड होता. उरलेल्या दोघी म्हणजे त्याची बायको मेव्हिस आणि बहीण डोरीन.

मेव्हिसच्या मांडीवर बुटांचा खोका होता. विल्फ्रिडने चाळीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि उरलेल्या वेळात हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतले आनंदाचे शब्द कार्डांवर उतरवले. एकेचाळीस जमले, ते सगळे या खोक्यात. स्वतः हसताना मात्र त्याला कोणी पाहिलं नव्हतं. लग्नाच्या फोटोतही तो दाढ दुखत असल्यासारखा उभा आहे. जाताना त्याने एकच मागितलं, "शब्द मोठ्यानं वाच, आणि लोकांकडून म्हणवून घे. म्हणणारं कुणी नसलं की शब्द मरतो." मेव्हिसने वचन दिलं. लोक कुठून आणायचे, ते विचारायचं राहून गेलं.

"आपण दोघी म्हणू की," डोरीन म्हणाली.

"तुला दमा, माझा आवाज हा असा. ऐकून तो उठून बसायचा, चुका काढायला."

तेवढ्यात दार उघडलं आणि चाळीसेक माणसं आत आली. काळे कोट, सुजलेले डोळे, आणि हातात फुलांचा केलेला भलामोठा बिअरचा ग्लास.

झालं होतं असं: ही सगळी मंडळी केनी ब्रॅमॉल नावाच्या ट्रकवाल्याच्या मयताला निघाली होती. चौकात केनीची शववाहिका आणि तिच्यात बसलेली त्याची बायको लिन पुढे गेली, बाकीच्या गाड्या लाल दिव्याला अडकल्या. दिवा सुटला तेव्हा पुढ्यात विल्फ्रिडची शववाहिका होती. शववाहिकेला मागे टाकून पुढे जाणं आमच्या यॉर्कशायरात चोरही करत नाही. सगळे मुकाट तिच्यामागे आले, गाड्या लावल्या आणि दाहगृहाच्या दोन दालनांपैकी चुकीच्यात शिरले.

पहिल्या रांगेतल्या धिप्पाड रॉयने शवपेटीवरचा फोटो पाहिला. "अगं, हा केनी नाही!"

"गप बस," त्याची बायको कुजबुजली. "मयतातून कुणी मधेच उठतं का? शोभतं का ते?"

कोणीच उठलं नाही.

बिअरचा ग्लास पाहून मेव्हिसच्याही सगळं लक्षात आलं. डोरीनने कोपर मारलं. "सांग ना त्यांना!"

"सांगते," मेव्हिस म्हणाली आणि तिने खोका उघडला. "आधी शब्द होऊ देत."

"विन. म्हणजे आनंद. म्हणा माझ्यामागून."

चाळीस माणसं पुटपुटली. पाचव्या शब्दाला आवाज फुटला. तेराव्या कार्डावर मेव्हिसने वाचलं, "मेदुद्रेआम. म्हणजे चार माणसांत बसून पिताना होतो तो आनंद."

"अरे, हा तर आपला केनी!" रॉय ओरडला, आणि तो शब्द सगळ्यांनी तीनदा म्हटला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. मेव्हिसला इतकं बरं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. तिने एकेचाळीसही शब्द म्हणवून घेतले, मगच शवपेटीपुढचा पडदा सरकला.

बाहेर आल्यावर शेजारच्या दालनाचं दार अर्धवट उघडं दिसलं. आत लिन एकटी बसली होती, आणि कर्मचारी खाली वाकून सांगत होता, "बाई, तुमची पाचच मिनिटं उरलीत."

"येतील हो लोक. थांबा जरा."

मेव्हिसला तिथून सटकता आलं असतं. ती आत गेली. "ते माझ्याकडे बसले होते. मला कळलं होतं, पण मी बोलले नाही."

"का?"

"माझ्याकडे कुणीच आलं नव्हतं."

लिनने तिच्याकडे बघितलं. "पंचवीस मिनिटं मी रिकाम्या खुर्च्या बघतेय. जन्मभर ज्यांना पाजली, त्यांतला एकसुद्धा फिरकला नाही म्हणून रडतेय. आणि तुम्ही..."

दारातून मंडळी माना खाली घालून आत येत होती. पाद्रीबाबांच्या भाषणाला आता वेळ नव्हता. मेव्हिसने खोक्यातून तेरावं कार्ड काढून रॉयच्या हातात दिलं. त्याने वाचलं, चाळीस जणांनी गर्जना केली. पेटीला हात लावून उभी असलेली लिन रडता रडता फिसकन हसली.

शेवटी तिने रॉयकडून कार्ड घेऊन मेव्हिसला परत दिलं. "घ्या. तुमच्या यजमानांचं आहे."

"ठेवा तुमच्याकडेच," मेव्हिस म्हणाली. "आमच्या घरी ते कधी लागलंच नाही."