दोनशे कोटी वर्षांपूर्वी धडक कोणी मारली?

एका जंगलात एक डोंगर होता आणि तो बरोबर मधोमध होता. मुलांनो, मधोमध असणाऱ्यांचे काय होते, ते तुम्हाला मोठेपणी कळेलच.

डोंगराच्या एका बाजूला उगवतीचे प्राणी राहत, दुसऱ्या बाजूला मावळतीचे. उगवतीचे पुढारी होते आबासाहेब रानगवे आणि मावळतीचे मुसंडीराव रानडुक्कर. दोन्हीकडचे प्राणी एकमेकांच्या कुरणात चरत, एकमेकांत सोयरिकी करत आणि घरी आल्यावर एकमेकांच्या जेवणाला नावे ठेवत. म्हणजे सगळे सुरळीत होते.

डोंगराच्या कुशीत साळूबाई साळिंदर राहत असे. ती उगवतीची. तिचे यजमान काटेराव मावळतीचे. साळिंदरांचा संसार सोपा नसतो. एकमेकांना न टोचता शेजारी कसे झोपायचे, हे शिकण्यात दोघांची उमेदीची वर्षे गेली होती. आता कुठे जमले होते.

साळूबाईला दगड कुरतडायचा नाद होता. लोक त्याला खोड म्हणत, ती संशोधन म्हणे. त्या डोंगराचा दगड पट्ट्यापट्ट्यांचा होता. त्याच्या पोटात मोहरीहून बारीक खडे होते. अशा खड्यात थोडेसे युरेनियम असते आणि फार फार सावकाश त्याचे शिसे होत जाते. किती शिसे झाले ते पाहिले की खड्याचे वय कळते. साळूबाई ते दातांखाली ओळखायची. तुम्ही घरी करून पाहू नका.

एके दिवशी तिने भर सभेत सांगितले, "या दगडाला दोन तारखा आहेत. एक जन्माची. दुसरी, तो जमिनीच्या पोटात जाऊन शिजला त्याची."

"त्यात काय नवीन?" आबासाहेब म्हणाले. "आमच्या समद्या पोरांना दोन तारखा हाईत. एक खरी, एक शाळेतली. शाळेतली समद्यांची एक जून."

"पुढं ऐका तरी. उगवतीच्या खड्यांचा गाभा एका वयाचा आहे, मावळतीच्या खड्यांचा दुसऱ्याच वयाचा. पण दोन्हींवर जी साल चढलीय ती एकाच वेळची. म्हणजे आपल्या या दोन बाजू आधी दोन वेगळ्या भूमी होत्या. दोनशे कोटी वर्षांपूर्वी त्या एकमेकींवर आदळल्या. त्या दाबानं नि उष्णतेनं दगड शिजला, आणि दोघी कायमच्या चिकटल्या."

साळूबाई टाळ्यांची वाट पाहत थांबली. तिला वाटले, आपण किती सुंदर गोष्ट सांगितली.

मुसंडीरावांनी घसा खाकरला. "धडक कोणी मारली?"

मुलांनो, जगात कुठेही टक्कर झाली की पहिला प्रश्न हाच असतो. कोणाला लागले का, हा दुसरा. तो बहुधा विचारायचा राहून जातो.

"कोणी मारली असं नसतं हो," साळूबाई म्हणाली. "दोन्ही सरकत होत्या."

"वेग किती होता?" आबासाहेबांनी विचारले.

"नखं वाढतात तेवढा."

"म्हंजे थांबायला भरपूर वेळ होता. तरी थांबले न्हाईत. म्हंजे मुद्दाम केलं."

सभेत कुजबुज सुरू झाली. साळूबाईने समजावून पाहिले. "अहो, तेव्हा आपल्यापैकी कोणीच नव्हतं. गवे नव्हते, डुकरं नव्हती, गवतसुद्धा नव्हतं. पाण्यात नुसता बुळबुळीत थर होता."

"कोणाचा?" मुसंडीरावांनी विचारले. "आमचा का त्यांचा?"

याला साळूबाईकडे उत्तर नव्हते. उत्तर नसले की शास्त्रज्ञ गप्प बसतात. गप्प बसले की लोकांना वाटते, काहीतरी दडवताहेत.

संध्याकाळपर्यंत टिटवी माळभर ओरडत फिरली: "मावळतीची उगवतीला धडक, दोनशे कोटी वर्षे प्रकरण दाबले." मग डोंगर ओलांडून ती पलीकडे गेली आणि तिथे हीच बातमी उलटी करून ओरडली. टिटवी निःपक्षपाती होती.

चौकशी समिती नेमली गेली. त्या डोंगरावर एकदाही न चढलेले सभासद मुद्दाम निवडले होते, म्हणजे त्यांचे मत आधीच बनलेले नसावे. समितीने दोन्ही बाजूंना मान्य होईल असा एकच निर्णय दिला. दोष ठरेपर्यंत ज्याने त्याने आपापल्या बाजूला निघून जावे. उद्याच्या सूर्यास्तापर्यंत.

काटेराव मावळतीचे होते. त्यांनी मुकाट्याने चार कंद एका पानात बांधले.

"दगडाचं वय सांगायची काय गरज होती गं?" ते म्हणाले. रागाने नव्हे. काटेरावांना राग नीट येत नसे.

"खरं होतं म्हणून सांगितलं."

"ते बरोबरच. आता तुला ऐसपैस झोपता येईल."

"मला ऐसपैस झोपता येत नाही आता," साळूबाई म्हणाली, आणि तिला रडू आले. साळिंदर रडले की जवळ घेता येत नाही. काटेराव नेहमीच्या अंतरावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सूर्य कलला. दोन्हीकडची बिऱ्हाडे डोंगराच्या पायथ्याशी गोळा झाली. तेवढ्यात साळूबाई एका उंचशा दगडावर चढली.

"मी दगड पुन्हा तपासला," ती म्हणाली. तिने तपासला नव्हता. "माझी चूक झाली. धडकेच्या वेळी एक तिसरी भूमी होती. दक्षिणेची. तिनं मागून ढकललं म्हणून आपण दोघं एकमेकांवर आदळलो. आणि ढकलून ती पळून गेली."

दक्षिणेकडून ढकलल्यावर उगवत आणि मावळत एकमेकांवर कशा आदळतील, हे कोणीही विचारले नाही. आदल्या दिवशी खड्याखड्याचा हिशेब मागणाऱ्यांनी आज एकही खडा मागितला नाही.

"मला पहिल्यापासून संशय होता," आबासाहेब म्हणाले.

"जो पळून गेला, चूक त्याचीच," मुसंडीराव म्हणाले, आणि त्यांनी पुढे होऊन आबासाहेबांना मिठी मारली. दोन्हीकडची बिऱ्हाडे हसत घरी परतली. साळूबाईचा जाहीर सत्कार झाला. खरे वय सांगितले तेव्हा तिला साधे पाणीही कोणी विचारले नव्हते.

दक्षिण दिशाच का, असे तुम्ही विचाराल. उत्तरेला तिची मावशी राहत होती. दक्षिणेला तिच्या ओळखीचे कोणी नव्हते, एवढेच.

काही दिवसांनी एका सकाळी बिळाच्या तोंडाशी एक घोरपड येऊन उभी राहिली. तिच्या मागे तीन पिल्ले होती. एकाची शेपटी अर्धी तुटली होती.

"दगडांचं वय सांगणाऱ्या ताई तुम्हीच का?" घोरपडीने विचारले.

"हो, मीच."

"आम्ही दक्षिणेच्या ओढ्यावरचे. तुमच्याकडचे पुष्कळ जण आले होते, दोन्ही बाजूंचे. एकदिलानं आले होते. आमच्या कपारी पाडल्या त्यांनी. म्हणाले, तुम्ही धडक मारून पळालात." तिने तुटक्या शेपटीचे पिल्लू जवळ ओढले. "आमच्यात कोणाला आठवत नाही हो. म्हणून विचारायला आले. आम्ही नेमकी कधी मारली धडक? तारीख कळली तर पोरांना सांगता येईल."

आतून काटेरावांच्या घोरण्याचा आवाज येत होता. साळूबाईने घोरपडीकडे पाहिले, पिल्लांकडे पाहिले. तिला दोन्ही तारखा ठाऊक होत्या. तिसरी नव्हती.

"आधी थोडा कंद खाऊन घ्या," ती म्हणाली.

तात्पर्य: मुलांनो, शास्त्रज्ञाने नेहमी खरे बोलावे, असे तुमच्या पुस्तकात लिहिले आहे. ते पाठ करा, परीक्षेत येते. पण घर वाचवायची वेळ आली, तर दोष अशा दिशेला ढकलावा, जिथे कोण राहते हे आपल्याला माहीत नसते. आणि मग सकाळी दारात कोणी आले, तर लवकर उठू नये.