गुरुजी पुन्हा सुरू झाले

कॉम्प्युटरच्या पोर्टची वीज गेली तर काय करायचं, हे माझ्याइतकं कुणाला कळत नाही! ही बढाई नाही, मला पगारच त्याचा मिळतो. कॉम्प्युटरला जोडलेल्या यूएसबीच्या उपकरणांशी कॉम्प्युटरचं बोलणं करून देणारा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर, आणि तो लिहिणारा मी, रत्नपाल. पोर्टची वीज क्षणभर गेली आणि परत आली, की उपकरण सगळं विसरतं. आपण कोण, काय करत होतो, काही म्हणजे काही आठवत नाही! मग ड्रायव्हरने त्याला हाताला धरून पुन्हा कामाला लावायचं. बाकीचे लोक यासाठी पानंच्या पानं लिहितात. माझा एकच नियम: वीज आली, की सगळं पहिल्यापासून सुरू! ऑफिसात मी तो कितीदा तरी तपासला होता. तपासायला एक घंटा वाजवायचो, 'टिंग'. वीज घालवायची, आणायची, पुन्हा 'टिंग'. साहेब खूश, मी खूश.

म्हणून सासरे वारले, आणि मृत्यूनंतरच्या जलदान विधीच्या आवाजाची जबाबदारी माझ्या बायकोने, मानसीने, माझ्यावर टाकली, तेव्हा मी म्हणालो, "निर्धास्त राहा."

सासऱ्यांबद्दल सांगायला हवं. सीताराम गुरुजी चौलजवळच्या शाळेत शिक्षक होते आणि गावच्या विहारात बौद्धाचार्य. लग्न असो, नामकरण असो, जलदान असो, आवाज त्यांचाच. त्यांच्यामागे हे काम गावातल्याच दयारामकाकांकडे जाणार हे ठरलेलं होतं, आणि दयारामकाका शब्द गिळतात हे गुरुजींचं ठाम मत होतं. तेव्हा आजारपणातच त्यांनी निर्णय घेतला. स्वतःच्या जलदानाचा विधी स्वतःच्याच आवाजात! उशीला टेकून त्यांनी सगळं रेकॉर्ड केलं, सूचनांसकट. स्तब्धतेची दोन मिनिटंसुद्धा रेकॉर्ड केली. त्यात नुसता त्यांचा श्वास ऐकू येतो. मी तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा लॅपटॉप मिटून अंगणात जाऊन उभा राहिलो होतो.

सासूबाईंना, बायजाबाईंना, ते एवढंच म्हणाले होते, "शेवटी तुझ्याबद्दल बोललोय. पण त्या दिवशीच ऐकायचं, आधी नाही." उभ्या संसारात गुरुजींनी चारचौघांत बायकोचं नाव घेतलं नव्हतं. ते बोलायचे, त्या ऐकायच्या. आदल्या दिवशी सासूबाईंनी मला बाजूला घेतलं.

"जावयबापू, शेवटपरेंत लागंल ना वो?"

"आई, काळजीच नको!"

विहार माणसांनी भरला. मुंबईचे पाहुणे बोटीने मांडव्याला उतरून आले. लॅपटॉपला मी हब, म्हणजे एका पोर्टाचे चार करणारा फाटा, जोडला होता. एका पोर्टात माझ्या ड्रायव्हरवर चालणारी आवाजाची डबी, तिच्यातून वायर लाउडस्पीकरला. बाकीचे तीन पोर्ट मोकळे. सकाळपासून गावात वीज नव्हती, स्पीकर बॅटरीवर होता आणि निम्म्या पाहुण्यांचे फोन मरायला टेकले होते. याचा मी विचारच केला नाही!

"शांतता!" गुरुजी स्पीकरमधून कडाडले. "मागच्यांनी बोलणं थांबवावं. सर्वांनी उभं राहावं."

निम्मा विहार त्यांचा विद्यार्थी. ताडकन उभा राहिला! त्रिशरण झालं, पंचशील झालं, स्तब्धता सुरू झाली. गुरुजींचा श्वास ऐकू येत होता, बायका पदराने डोळे टिपत होत्या. तेवढ्यात मानसीचा मुंबईचा चुलतभाऊ निकेश याने मान खाली ठेवून, अगदी दुःखाने, आपला फोन हबला जोडला. हबला तो भार सोसेना. डबीची वीज गेली, आली. स्पीकर खरखरला.

"शांतता! मागच्यांनी बोलणं थांबवावं. सर्वांनी उभं राहावं."

लोक उभेच होते. ते आणखी ताठ झाले.

"हे काय?" मानसी कुजबुजली.

"पॉवर रीसेट."

"मग?"

"व्यवस्थित हाताळला गेला."

"अरे, मग पुढे सरकव ना!"

वाजवायचा प्रोग्रामही माझाच. पुढे सरकवायची सोय मी नंतर करणार होतो.

पुन्हा त्रिशरण, पुन्हा पंचशील, पुन्हा स्तब्धता. मग खाली बसणं, गुरुजींचं शिक्षण, नोकरी, विहाराचं बांधकाम. "आता शेवटी, माझी पत्नी बायजाबाई..."

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. आणि दयारामकाकांनी आपला फोन हबला जोडला!

"शांतता!"

सगळे पुन्हा उठले. गुडघ्यांनी हैराण झालेले बुधाजीआजोबा मागून म्हणाले, "मी आता बसतच न्हाय. परत उठायचाच हाय!" दयारामकाका पडलेल्या चेहऱ्याने म्हणाले, "गुरुजी आजपन मला बोलू देत न्हाईत."

मी सासूबाईंकडे पाहिलं. हात जोडलेले, डोळे स्पीकरवर. मला इतकी लाज वाटली, की सगळ्या घंटा आणि सगळे साहेब समुद्रात बुडवावेत! दोन्ही फोन उपटले आणि हबवर पंजा ठेवून बसलो, कोंबडी अंड्यांवर बसते तसा. या वेळी गुरुजी शेवटपर्यंत पोचले.

"माझी पत्नी बायजाबाई हिने आयुष्यभर माझं ऐकून घेतलं. तुला काय म्हणायचंय, हे मी कधी विचारलं नाही. चुकलो. आता मी थांबतो. आज तिने बोलावं."

दयारामकाकांनी सासूबाईंच्या हातात माईक दिला.

"मला..." सासूबाई म्हणाल्या. "मला असं सांगायचं व्हतं..."

माझे डोळे वाहायला लागले. वाटलं, हे जपून ठेवलं पाहिजे! ही बाई पहिल्यांदा बोलतेय, मानसीसाठी तरी रेकॉर्ड व्हायला हवं. माझा फोन केव्हाच मेला होता. मी घाईघाईने तो हबला जोडला.

"शांतता! मागच्यांनी बोलणं थांबवावं!"

अख्खा विहार उभा! सासूबाईंचं तोंड उघडंच राहिलं. सवयीने माईक खाली आला. मग तो त्यांनी शांतपणे टेबलावर ठेवला, हबला हात घातला आणि हब, डबी, माझा फोन असा सगळा गुंता वायरींसकट ओढून खाली टाकला.

"ऐकला तुमचा," त्या स्पीकरला म्हणाल्या. रागाने नाही, झोपलेल्या माणसाला सांगावं तसं. मग माईक उचलून लोकांकडे वळल्या.

"बसा सगळी. ह्यांनी सांगितला त्ये खरा हाय. पन अर्धा हाय. उरलेला मी सांगते."

सगळे बसले, बुधाजीआजोबासुद्धा. सासूबाई बोलत राहिल्या. लोक हसले, रडले, पुन्हा हसले. जेवण गार झालं तरी कुणी उठलं नाही. रेकॉर्डिंग मात्र नाही. माझा फोन त्यांच्या पायाशी पडला होता, आणि तो उचलायची माझी छाती झाली नाही.