दाजीबांना भांडण ऐकायचं असे

तुमच्या घरात नवराबायकोचं भांडण ऐन रंगात आलंय. तेवढ्यात शेजारी काठी टेकत येतो, पायरीवर बसतो, डोळे मिटून ऐकतो आणि मध्येच म्हणतो, "सूनबाई, जरा मोठ्यानं वं. शेवटचं राहून गेलं." काय कराल तुम्ही? मी आणि माझी बायको मनोरमा भांडण विसरून एकमेकांची तोंडं बघत बसायचो.

हे आमचे दाजीबा अर्जनवीस. नागपूरच्या कचेरीच्या आवारात कडुलिंबाखाली तरट टाकून जन्मभर लोकांचे अर्ज लिहिले. अक्षर मोत्यासारखं, आणि बोलणंही अर्जाचंच. चहा हवा असला तर म्हणायचे, "सबब, अर्धा कप चहा मिळावा ही विनंती."

गल्लीतल्या प्रत्येक भांडणावर त्यांचा निकाल तयार असे. कल्हईवाल्याच्या घरी भांडी आदळली, बायकोनं नवऱ्याचा सात पिढ्यांसकट उद्धार केला, की दाजीबा खूश. "सकस भांडण आहे बाप्पा! दोघंही बोलून राहिले." आणि समोरचे मास्तर, ज्यांच्या घरातून चकार शब्द ऐकू येत नसे, ज्यांना सगळी गल्ली रामसीतेचा जोडा म्हणे, त्यांच्याकडे बघून हे मान हलवत. "तिथं काहीतरी नासून राहिलं गा."

मला काही उमगेना. कारण खुद्द दाजीबांच्या घरात सगळ्यांत जास्त शांतता! काशीकाकूंचा वर चढलेला आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. सासवा सुनांना त्यांचाच दाखला देत. मग खरं काय म्हणायचं? माणूस भरल्या पंगतीत बसून उपासाचे गोडवे गातो, तसलाच प्रकार वाटे मला.

अशात आमच्या घरात व्हायचं ते झालं. मनोरमानं माहेराहून आणलेलं शिवणयंत्र मी माझ्या बहिणीला देऊन टाकलं. तिला विचारलं नाही. बहीणच ती, त्यात काय विचारायचं, असं मला वाटलं. मनोरमा ओरडली नाही. "उद्या मलेही देऊन टाकाल कोणाले," एवढं म्हणाली, ट्रंक भरली आणि खाप्याला माहेरी निघून गेली.

महिना झाला, पत्र नाही. कचेरीतले लोक म्हणत, आणायला गेलास तर नाक कापलं जाईल. मामा म्हणाले, नोटीस धाड, सुतासारखी सरळ येईल. घर खायला उठलं होतं, आणि ती आलीच नाही तर, ही धास्ती सुटत नव्हती. शेवटी एका रविवारी सकाळी कागद घेऊन दाजीबांकडे गेलो. म्हटलं, "दाजीबा, नांदायला येण्याची नोटीस लिहून द्या. कडक."

दाजीबांनी टाक दौतीत बुडवला, कागदावर नेला आणि तसाच खाली ठेवला.

"नाही लिहीत."

"काहून?"

"एकदा लिहिली होती गा. तुझ्याएवढा होतो. ही रुसून उमरेडले माहेरी गेली होती. तिच्या बापाच्या ओट्यावर जाऊन बसलो असतो, तर चार शिव्या देऊन आली असती. पण अक्षर चांगलं ना माझं! सात कलमांची नोटीस धाडली. पाचव्या दिवशी हजर."

"मग? आल्या ना काकू!"

"कागदाले भिऊन आली. चाळीस वर्षं झाली. तेव्हापासून मले एकदाही 'नाही' म्हटलं नाही तिनं."

मी चक्रावलो. बायको 'नाही' म्हणत नाही, हे काय दुःख झालं? काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "मग काकूंना आत्ता सांगा की."

ते स्वयंपाकघराकडे वळले. आवाज एकदम बारीक झाला. "अवं, ऐकतेस काय? मी तेव्हा चुकलो. तुझ्या मनात काय आहे ते सांग. शिव्या दे पाहिजे तर."

काकू दारात आल्या. हातांना पीठ होतं. त्या घाबरल्या होत्या, मला स्पष्ट दिसलं. नवऱ्याला नेमकं कोणतं उत्तर हवंय, ते त्या त्याच्या चेहऱ्यावर शोधत होत्या.

"तुम्ही म्हणाल तसं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दाजीबांनी उपरण्यानं डोळे पुसले. "जाय गा. आत्ताच जाय. अन् 'चल' म्हणू नको तिले. विचार."

मी तसाच खाप्याच्या मोटारीत बसलो. खाप्याला पोचलो तेव्हा मनोरमा अंगणात वड्या घालत होती. वरसुद्धा न बघता म्हणाली, "काहून आले?"

वाटेत जुळवलेलं सगळं भाषण कुठल्या कुठे गेलं. "चुकलं माझं," म्हटलं. "यंत्र परत आणतो. घरी येतेस का?"

तिनं मान वर केली, हात झटकले. मग ताडकन म्हणाली, "नाही. आज नाही येत. आधी यंत्र आणा, मग विचार करीन."

मला हसू यावं की रडू, तेच कळेना. दाजीबा ज्या 'नाही'साठी चाळीस वर्षं झुरत होते, ते मला उन्हात उभ्या उभ्या मिळालं होतं.